खपल्यांची पाठवणी

चिमट्यात आणखी एक खपली आली तेव्हा चिंधी रडली. आईच्या मांडीत तोंड खुपसून म्हणाली, "आता पुरे ना."

"पुरे. संपलं बघ," नर्स प्रमोदिनी म्हणाली आणि पोरीच्या दंडावर हळूच फुंकर घातली. खपल्या तिने काचेच्या नळीत टाकल्या, नळी पत्र्याच्या डबीत ठेवली. डबी दिल्लीच्या लॅबला जायची होती.

दिघाशी गावातलं हे घर सकाळपासून तिला दारातच अडवून होतं. देवी आल्या असताना खपलीला बोट लावायचं नाही, असं चिंधीची आजी ठमाबाई ठासून सांगत होती. देशातली देवीची साथ संपून वर्ष झालं होतं, तरी अंगावर फोड उठलेलं पोर दिसलं की नमुना पाठवायचाच, असा सरकारी हुकूम होता. शेवटी चिंधीची आई तुळजाच सासूला म्हणाली, "घेऊ द्या त्यांना, आत्याबाई. माझं तान्हं तिकडं हाय."

तान्हं समोरच्या घरात, जावेकडे होतं. चिंधीला फोड उठले त्या दिवसापासून तुळजाने त्याला जवळ घेतलं नव्हतं. दिल्लीहून तार आल्याशिवाय घ्यायचंही नव्हतं. त्याचं रडणं मात्र इकडे स्पष्ट ऐकू यायचं.

ओटीवर लस टोचणारा केसरीनाथ स्टोव्हवर सुया उकळत बसला होता. त्याने आत डोकावून पाहिलं. "एकदम क्लीन नमुना घेतलात, सिस्टर. स्पिरिटनं पुसूनबिसून. लॅबवाले खूष होतील."

प्रमोदिनीचा हात डबीच्या झाकणावरच थांबला. बोटांना स्पिरिटचा वास येत होता. इंजेक्शनच्या आधी पुसायचं, तसंच सवयीनं तिने खपल्याही पुसल्या होत्या.

"केसरीनाथ, टोचायच्या आधी तुम्ही दंडाला स्पिरिट लावता?"

"छे! लस मरेल ना."

"मग मी काय केलं?"

केसरीनाथने डोकं खाजवलं. "पण सिस्टर, लॅबला मेलेलं काय नि जितं काय? त्यांची मोठी मशिनं असतात."

"मशिनं असतात, पण कोंबडीच्या अंड्यात वाढवूनही बघतात. मेलेलं वाढत नाही. मग ते लिहिणार, काही सापडलं नाही. आणि आपण गावभर सांगणार, देवी नाही म्हणून."

"अंड्यात?" ठमाबाई चुलीपासून ओरडली. "देवीला अंडं?"

"देवीला नाही हो आजी, आजाराला."

"त्याला चालतं?"

"आवडतं."

तुळजा मात्र एकाच वाक्यावर अडली होती. "बाई, काही सापडलं न्हाय म्हंजे बरंच की. मंग तान्ह्याला आणू ना?"

प्रमोदिनी तिच्यासमोर जमिनीवरच बसली. "तुळजा, चूक माझी झाली. ह्या खपल्यांत काही सापडलं नाही तर त्यावर विश्वास ठेवायचा नाही. कांजिण्या असतील तर खपली धरली की भीती संपली. पण देवी असेल तर खपलीतूनसुद्धा तान्ह्याला होईल. मला परत घ्याव्या लागतील."

"न्हाय!" ठमाबाई उठून आली. "एकदा घेतल्या. पोर रडली. आता हात लावायचा न्हाय."

चिंधीने दोन्ही हात गोधडीत लपवले. तेवढ्यात समोरच्या घरात तान्हं रडायला लागलं. तुळजाने पदराचा बोळा छातीशी दाबला. प्रमोदिनीनेही आपला पदर पुढे ओढला. तिची पाच महिन्यांची लेक भिवंडीत सासूबाईंपाशी होती, पण दुधाला ते कुठलं कळतंय.

तिने एकदा गोधडीकडे पाहिलं. त्या पोरीला पुन्हा रडवायचं तिच्याही जिवावर आलं होतं.

"आजी, आपोआप गळलेल्या खपल्या कुठं टाकता?"

"टाकायच्या कशाला? देवीच्या पाठवणीला लागतात." ठमाबाईने देवापुढची करवंटी आणून दाखवली. तळाशी कडुलिंबाचा पाला आणि त्यावर वाळक्या खपल्या. "सगळ्या गळल्या की दहीभातासंगं वेशीबाहेर न्यायच्या. पाण्यात सोडायच्या."

प्रमोदिनी पुढे सरकली. "हळद घातलीय?"

"ती पाठवणीच्या दिवशी."

"पाणी लागलंय?"

"तवर कोरड्याच ठेवायच्या. मला नको शिकवू, बाई."

प्रमोदिनी हसली. "नाही शिकवत. मला ह्यातल्याच द्या. पोरीला हातसुद्धा लावत नाही."

ठमाबाईने करवंटी पोटाशी धरली. सुनेकडे पाहिलं. समोरचं रडणं ऐकलं.

"दिल्ली वेशीबाहेरच ना?"

"पार बाहेर."

"वाटंत पानी लागतं?"

"तापी लागते. नर्मदा लागते. शेवटी यमुना."

"आमी वढ्यातच सोडतो," ठमाबाई म्हणाली आणि तिने करवंटी कलती केली.

प्रमोदिनीने धुतलेला, कोरडा चिमटा घेतला. खपल्या नव्या नळीत उतरल्या. पहिली नळी तिने केसरीनाथच्या उकळत्या पाण्यात सोडली. त्याने स्टोव्हला आणखी हवा मारली.

डबीचं झाकण घट्ट फिरवलं तशी ठमाबाई कुंकवाचा करंडा घेऊन आली.

"आजी, सरकारी डबी आहे!" केसरीनाथ म्हणाला.

"लावू द्या," प्रमोदिनी म्हणाली. "बाहेरून."

ठमाबाईने झाकणावर हळद लावली, कुंकू लावलं. मग डबी दोन्ही हातांत धरून कपाळाशी नेली.

"जाशील तिथं खरं बोल, बाये."