खानदानी राखणदार

हरीओम पाटलांनी पुण्याहून बॉक्सर कुत्रा आणला आणि किन्हीराजाच्या वावरात अठरा वर्षं जागल करणाऱ्या इंद्रभानला त्याच दिवशी घरी बसवलं.

"लय खानदानी जात हाये बाप्पा. ब्रुनोच्या तीन पिढ्याइचे कागद हायेत माह्यापाशी."

इंद्रभाननं ते चेपलेलं नाक, गळणारी लाळ आणि अंगातला नवाकोरा लोकरी स्वेटर नीट पाहून घेतला. त्यानं स्वतः अठरा हिवाळे मचाणावर बायकोनं शिवलेल्या एकाच गोधडीत काढले होते.

"मंग रानडुकरं आले की त्याइले कागद दाखवजा," तो म्हणाला आणि वळूनही न पाहता निघाला.

आठव्या दिवशी पाटलांचा फोन आला, "इंद्रभान, आजपासून ये बाप्पा जागलीवर."

"काहून? डुकरानं हरभरा खाल्ला वाटते?" इंद्रभानला हसू आवरेना.

"अर्धा खाल्ला. पण हरभऱ्याचं जाऊ दे."

 

"ब्रुनो लय भेते वावरात एकटा," पाटील पुढे म्हणाले, "तू त्याच्यापाशी बसत जाय. अन् येतानी तुह्याजवळची गोधडी घेऊन येजो, त्याचं स्वेटरात भागत नाही."