बॅगेतलं दिशायंत्र

विमानात दिशायंत्र जवळ बाळगायला बंदी, म्हणून सगळ्या प्रवाशांप्रमाणे सुलभा खोब्रागडेंनीही कानातून काढून ते बॅगेत घातलं आणि बॅग सामानात दिली. आता नागपूरला उतरल्यावर ते हवं, तर सामानाचा पट्टा गाठायला हवा. आणि यंत्राशिवाय पट्टा कुठे आहे, हे कुणालाच कळेना. लहानपणापासून यंत्रानं कानात ‘डावीकडे’ म्हणावं आणि पाय वळावेत, अशीच सगळ्यांची सवय. भिंतीवरच्या पाट्या तर केव्हाच काढून टाकल्या होत्या.

फिरून फिरून सुलभाबाई पुन्हा त्याच काचेपाशी आल्या, तेव्हा जावयाचा फोन आला.

“आई, मी दारात उभा आहे, लवकर बाहेर या ना! रेणुकाला दवाखान्यात बाळंतपणासाठी आत घेतलंय. सारखी तुम्हालाच बोलावतेय.”

“अहो जावईबापू, बाहेर म्हणजे कुठं?” त्या रडकुंडीला आल्या होत्या. “मरो ती बॅग! तुम्ही तिथूनच मला मोठ्यानं हाक मारा.”

लांबून “आई!” ऐकू आलं. कान देऊन, खुर्च्यांना धडकत त्या आवाजामागं चालत राहिल्या. अखेर दारातला जावई दिसला.

तो त्यांच्या मागं बघत होता. “आई, ही एवढी मंडळी कोण?”

विमानातले सगळे प्रवासी मुकाट्यानं त्यांच्यामागून आले होते.