बेचाळीस ग्रॅम सागवान

"हे लाकूड कायचं आहे?" वनखात्याच्या नाक्यावर बस थांबवून दसरूभाऊंनी गिटारीच्या पोटावर बोट ठेवून विचारलं.

"सागवान," नूतन म्हणाली, आणि आपण वेळेवर खोटं बोलायला कधी शिकलो नाही, याचा तिला पश्चात्ताप झाला.

"टीपी?"

आलापल्लीकडून सागवान बाहेर न्यायचं तर टीपी लागते, म्हणजे लाकूड रस्त्यावरून न्यायचा परवाना. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. नूतन तर बीएस्सी होती. पण बास गिटारवर तारांखाली चिकटवलेला चार बोटं रुंद तुकडाही नाक्यावर लाकडात मोजतील, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. सोनाराच्या काट्यावर तिने तो तोलला होता, तेही केवळ कुतूहल म्हणून.

"बेचाळीस ग्रॅम आहे, भाऊ."

"हत्ती बी पहिले पिल्लूच राह्यते."

बसच्या खिडक्यांतून चाळीस डोकी बाहेर आली. संध्याकाळी सातला घुग्घुसला भीमगीतांचा कार्यक्रम होता आणि नूतनला तुकड्यासकट तिथे पोचायचं होतं. तुकड्याशिवाय पोचून काही उपयोग नव्हता. बासच्या तारा जाड, आणि ती बोटांनी वाजवायची. गाणं रंगात आलं की बोटं तारांच्या खाली खोल शिरत आणि वर येताना सोलून निघत. मागच्या कार्यक्रमात सातव्या गाण्यालाच फोड फुटले आणि ती थांबली. गायन पार्टीचा म्होरक्या संघपाल तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाला होता, "घुग्घुसले बी असंच झालं त घरीच बस. कीबोर्डवाल्याचा डावा हात तसाबी रिकामाच राह्यते, बास तो वाजवीन."

ती रडली नाही. तिने मोजमाप केलं. बोटांना खडू लावून तासभर वाजवलं, खुणा पट्टीने मोजल्या आणि ठरवलं की तारांखाली तीन मिलिमीटरवर बोटाला जमीन मिळाली पाहिजे. लटारू सुताराने त्या हिशोबाच्या उंचीचा तुकडा रंधून दिला, वरून तारांच्या रांगेसारखाच किंचित गोलसर. दुहेरी चिकटपट्टीने तिने तो बसवला. आता बोट तुकड्याला टेकायचं आणि हलकेच परत यायचं. सलग दोन तास वाजवलं, एक फोड नाही. खोट एकच होती: तुकड्याच्या कडेला लाकडातली अर्धी गाठ, अर्ध्या डोळ्यासारखी.

"बाकीचा डोळा कुठी आहे?" तिने विचारलं होतं.

"साहेब लोकाईत बसला आहे," लटारू म्हणाला होता. "तू वाजव."

"दसरूभाऊ!" कंडक्टर वच्छलाबाई दारातून ओरडल्या. "पोरगी पकडली का वाघ पकडला? माणसं भाजून राह्यली इथी. पाच मिनिटं देतो, मंग घंटी."

दसरूभाऊंनी रजिस्टर उघडलं. "टीपी दाखव, नाईतर तुकडा इथी सोड."

"लाकूड नाई भाऊ हे. वाद्याचा भाग आहे."

"असं? मंग वाजवून दाखव."

नूतनने वाजवलं. इलेक्ट्रिक बास, अन् तोही ॲम्प्लिफायरशिवाय! दसरूभाऊंनी कानामागे हात धरला, डोळे मिटले, वाट पाहिली.

"याच्यापेक्षा मच्छर जास्त वाजते," ते म्हणाले.

खिडक्यांतून हशा आला. भौतिकशास्त्र शिकून पोरीचं काय भलं होणार, असं नूतनच्या घरात सगळे विचारत. तिने गिटारीचं वरचं टोक नाक्याच्या टेबलावर घट्ट दाबून धरलं आणि सगळ्यात जाड तार छेडली.

टेबल बोललं. ढोलासारखं, आतून. दसरूभाऊंचा चहा थरथरला, पेन घरंगळून खाली पडला आणि बसमध्ये कोणीतरी शिट्टी मारली. दसरूभाऊंचा चेहरा क्षणभर उजळला. मग त्यांना अंगावरचा गणवेश आठवला.

"वाजते, खरं आहे," ते म्हणाले. "पण लाकूड ते लाकूड." त्यांनी नखाने तुकडा उचकटला आणि टेबलावर ठेवला. बसची घंटी वाजली.

नूतन मात्र तुकड्याकडे बघत नव्हती. ती टेबलाकडे बघत होती. प्लायवुड असं घुमत नाही. आंब्याची फळीही नाही. असं घुमायला लाकूड जुनं, सुकं आणि चांगल्या घरचं लागतं. तिने रजिस्टर बाजूला सारलं. टेबलाच्या अगदी काठावर, फळी जिथे कापली होती तिथे, अर्धी गाठ होती.

तिने तुकडा सरकवत त्या काठाला भिडवला. रेषेला रेष मिळाली. दोन अर्धे मिळून एक अख्खा डोळा झाला आणि तो थेट दसरूभाऊंकडे बघू लागला.

"भाऊ," नूतन अगदी नम्रपणे म्हणाली, "एकाच फळीचं आहे. या टेबलाची टीपी दाखवा. त्याच्यातच माझे बेचाळीस ग्रॅम बी बसून जातीन."

दसरूभाऊंनी डोळ्याकडे पाहिलं. मग बसच्या खिडक्यांकडे पाहिलं. तिथे आता कोणीच हसत नव्हतं, सगळे ऐकत होते. त्यांनी तुकडा उचलला, फुंकर मारून पुसला, स्वतःच्या हाताने गिटारीवर परत दाबून बसवला आणि आडवा बांबू वर केला.

"वाद्यच आहे," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "वाद्याले टीपी लागत नाई."

नूतन बसची पायरी चढली, तेव्हा त्यांनी टेबलावर एक थाप मारली.

"अन् तू आत्ताच पाह्यलं ना, पोरी? हे बी वाजते."