सोयाबीनची ताडपत्री

शिट्टी वाजली तेव्हा भक्तीचा हात समोरच्या पोरीच्या पाठीपासून वीतभर लांब होता. ती बाद झाली असती तर बरोबरी होती. झाली नाही, आणि खो-खोचा तालुक्याचा अंतिम सामना जिल्हा परिषदेच्या पोरी एका गुणानं हरल्या.

मैदानाच्या कडेला ताडपत्रीवर बसलेल्या चतुराबाईनं, भक्तीच्या आईनं, तोंडाला लावलेला पदर खाली घेतला. आता रडू येणार असं तिला वाटलं होतं. आलं नाही. उलट छाती अशी भरून आली की तिचं तिलाच नवल वाटलं. जिंकलेल्या संघाकडे, जिंतूरच्या या मोठ्या खाजगी शाळेकडे मॅट होती, मॅटचे बूट होते, परभणीहून येणारा प्रशिक्षक होता, आणि गावोगावच्या पळणाऱ्या पोरी हेरून आणून ठेवायला वसतिगृह होतं. तिच्या पोरींकडे गणिताचे बन्सीधर सर होते. शाळा सुटली की ते खडू खाली ठेवायचे आणि गळ्यात शिट्टी अडकवायचे. बूट तर नव्हतेच. एवढं असून फरक किती, तर एक गुण!

आणि हो, ही ताडपत्री होती. सामना मॅटवर आहे हे कळल्यावर सर म्हणाले होते, पोरींचे पाय मातीला सरावलेत, तिथं घसरतील. नेमके सोयाबीन वाळवायचे दिवस. गावात एक ताडपत्री रिकामी नव्हती. चतुराबाईनं आपलं अर्धं ओलं सोयाबीन अंगणातल्या मातीत ओतलं आणि ताडपत्री शाळेच्या मैदानात नेऊन अंथरली, कडांवर दगड ठेवले. शेजारचा सटवाजी म्हणाला, "वैनी, सोयाबीन मातीत आन् पोरी ताडपत्रीवर. लय उलटा कारभार हाय तुमचा." मालात खडे निघाले की व्यापारी भाव पाडतो, हे तिला काय ठाऊक नव्हतं? पण दोन दिवसांनी सटवाजीचीच ताडपत्री तिच्या शेजारी येऊन पडली, मग बायनाबाईची. ताडपत्रीला मॅट म्हणणं म्हणजे बैलगाडीला मोटार म्हणणं. तरी पोरी तिच्यावर आपटल्या, उठल्या आणि पळायला शिकल्या. आज चतुराबाईनं तीच बसायला इथं आणली होती.

बक्षीस समारंभाला टेबलावर चषक मांडला होता. त्याच्या शेजारी एक लाकडी ढाल होती. या खाजगी शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष राधाकिशनराव माईकसमोर आले. माणूस भला होता, मनात काही काळंबेरं नव्हतं.

"या मुलींकडे काही नसताना त्या इथवर आल्या," ते म्हणाले. "त्यांना आमच्याशी खेळायला लावणं हा अन्याय आहे. पुढच्या वर्षीपासून जिल्हा परिषदेच्या शाळांचा गट वेगळा ठेवावा, असं मी सुचवणार आहे. त्या गटाची पहिली ढाल आजच या मुलींना देऊ."

टाळ्या पडल्या. कर्णधार म्हणून भक्तीचं नाव पुकारलं गेलं.

चतुराबाई ताडपत्रीवर पुढं सरकली. त्यांच्या शाळेत आजवर ढाल म्हणून आली नव्हती. मुख्याध्यापकांच्या कपाटात खडूचे खोके तेवढे होते. ही ढाल गावानं वेशीपासून वाजतगाजत नेली असती. बन्सीधर सरांनी लांबूनच भक्तीला मान हलवून खूण केली, घे.

भक्ती अनवाणीच मंचावर चढली. अध्यक्षांना तिनं वाकून नमस्कार केला. ढालीला मात्र हात लावला नाही.

"सर, ढाल नको आमाला." माईक जवळच होता, सगळ्या मैदानाला ऐकू गेलं. "येगळा गट बी नको. आमी ह्यांच्यासंगंच खेळू. फकस्त पुढच्या साली सामना आमच्या शाळंत ठेवा. मातीत."

ही आपल्या पोटची पोर, हे सगळ्यांना ओरडून सांगावं असं चतुराबाईला वाटलं. ती नुसतीच ताठ बसली. तिकडं बन्सीधर सर उगाचच चष्मा पुसत होते.

राधाकिशनराव जरा गडबडले. मग चषक घेऊन उभ्या असलेल्या आपल्या कर्णधाराकडे, राजेश्रीकडे वळले. "काय गं, जाल का यांच्या गावाला?"

राजेश्रीनं एकदा आपल्या पांढऱ्या बुटांकडे पाहिलं, एकदा भक्तीच्या पायांकडे.

"जाऊ, सर," ती म्हणाली. "बूट काढून जाऊ."

आता पडलेल्या टाळ्या लवकर थांबल्या नाहीत. ढाल टेबलावरच राहिली.

भक्ती खाली आली ती थेट आईकडे. मंचावरचं अवसान आता उतरलं होतं. "माय, चुकलं का माझं? गावात ढाल आली असती."

"आन् ठिवली कुठं असती? खडूच्या खोक्यावर?"

भक्तीला हसू फुटलं. मग ती ताडपत्रीचं टोक ओढत म्हणाली, "ऊठ आता. घडी करते हिची. आज तरी सोयाबीन टाक हिच्यावर."

चतुराबाई जागची हलली नाही. "सोयाबीन मातीत वाळायलंय, वाळू दे," ती म्हणाली. "पुढच्या साली त्या आपल्या मातीत येतील. पर त्याच्या पुढच्या साली? तवा तू नसशील शाळंत. तुज्या मागच्या पोरींना पुन्हा ह्याच मॅटवर यायचंय ना?"

मग ती उठली. ताडपत्रीची दोन टोकं तिनं भक्तीच्या हातात दिली, दोन आपण धरली.

"नीट घडी घाल. उद्या सकाळी शाळंत न्यायची हाय."