हवेतला बोजा

ठिणगीने बोजा जमिनीवरून उचलला आणि खाली उभ्या असलेल्या तिच्या आईचा जीव टांगणीला लागला.

तीन टनांच्या लोखंडी तुळया होत्या. यार्डाच्या या टोकाहून त्या टोकाला न्यायच्या आणि आखलेल्या चौकोनात अलगद ठेवायच्या. जमलं की क्रेन चालवायचं लायसन्स. उंचावरच्या केबिनमध्ये ठिणगी एकटी होती. वय एकोणीस. खाली परीक्षक एका हातात वॉकीटॉकी आणि दुसऱ्या हातात लाल झेंडी घेऊन उभे होते.

"तुम्ही मुलीच्या कोण?" त्यांनी मघाशी विचारलं होतं.

"आई," ती अशा ठसक्यात म्हणाली की त्यांनी पुढचा प्रश्न गिळून टाकला.

आई रोबो होती. यार्डातल्या जुन्या माणसांना त्यात आता नवल उरलं नव्हतं. शाळेच्या वाटेवर ठिणगीवर भुंकलेला कुत्रा, तिला चिडवणारी पोरं, 'अर्ज उशिरा आला' म्हणून तिला परत पाठवणारा कारकून, यांपैकी कोणीही या आईच्या वाटेला दुसऱ्यांदा गेलं नव्हतं.

तुळया सरळ रेषेत सरकत होत्या. अशा वेळी माणसाच्या अंगावर मूठभर मांस चढतं. आईच्या अंगात मांस नव्हतं, तरी खांदे बोटभर वर आले.

नजर मात्र बोज्याखालच्या रिकाम्या जागेवरून हलेना. सतरा वर्षांपूर्वी याच यार्डात ती बोजे उचलायची. तेव्हा तिला असे दोन हात नव्हते. एकच होता, क्रेनचा, चाळीस फुटी. एके दुपारी बोज्याखाली एक बाई आली. ती बाई तिला दिसली. पण थांबायचा हुकूम आला नव्हता. तिने हुकमाची वाट पाहिली, आणि तेवढ्यात व्हायचं ते होऊन गेलं. बाईची दोन वर्षांची मुलगी पाळणाघरात झोपलेली होती. संध्याकाळी सगळी मुलं घरी गेली, तिला न्यायला कोणी आलं नाही. मग ते यंत्रच म्हणालं, हिला मी वाढवते. त्यासाठी त्याला हे दोन हातांचं अंग मिळालं, नंबर मात्र जुनाच राहिला.

यातलं अवाक्षरही ठिणगीला सांगितलेलं नव्हतं. शंभरदा ती सांगायला बसली आणि शंभरदा पोरीची वेणी घालून उठली.

शेडचं दार उघडलं. एक म्हातारा रंगारी बाहेर आला. दोन्ही हातांत डबे, कानांत गाणी, नजर पायांकडे. निघाला तो थेट बोज्याच्या वाटेवर. परीक्षक पलीकडच्या चौकोनाकडे बघत होते.

आई धावली. खरं सांगायचं तर रंगाऱ्यासाठी नाही. आपण जे सतरा वर्षं वागवलं ते पोरीच्या वाट्याला येऊ नये म्हणून. तिने त्याला मागे ढकललं, त्याच्या जागी पाय रोवले आणि दोन्ही हात वर केले. तीन टन आपल्याला पेलणार नाहीत हे तिला ठाऊक होतं. माणूस चेंगरला तर जन्मभर सलतं, यंत्र चेंगरलं तर भंगारात जातं, एवढाच तिचा हिशोब होता.

वरून काही आलंच नाही.

तिने मान उचलली. तुळया तिच्यापासून दहा पावलांवर थांबल्या होत्या. तसूभरही डुलत नव्हत्या.

"आई, मी बघितलंय काकांना," धावत येणाऱ्या परीक्षकांच्या वॉकीटॉकीतून आवाज आला. "दार उघडलं तेव्हाच थांबवलंय. आता तूच मध्ये आलीयेस."

परीक्षक धापा टाकत आले. झेंडी अजून खालीच होती. "मी खूणसुद्धा केली नव्हती," ते म्हणाले. "हिला हे शिकवलं कोणी?"

"मी." एवढं बोलून गप्प राहता आलं असतं. ती राहिली नाही. "सतरा वर्षांपूर्वी मला थांबता आलं नव्हतं. इथेच. बोज्याखाली हिची जन्मदाती होती."

परीक्षकांचा अंगठा वॉकीटॉकीच्या बटणावर दाबलेला होता. त्यांच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. त्यांनी तो हळूच उचलला.

मग खरखर झाली.

"माहितीये मला. लायसन्सला लागणाऱ्या अपघातांच्या पुस्तकात सातवा पाठ तोच आहे. तिचं नाव आहे, मशीनचा नंबर आहे. तुझ्या मानेमागचा नंबर, आई. खांद्यावर घ्यायचीस ना, तेव्हा मी तोच बोटाने गिरवायचे. आकडे त्याच्यावरच शिकले."

आईचे हात अजून वरच होते. परीक्षकांनी वॉकीटॉकी तिच्या तोंडाशी धरला.

"मग बोलली का नाहीस?"

"आधी रडले. दोन दिवस तुझ्याशी बोलत नव्हते, आठवतंय? तुला वाटलं, परीक्षेचं टेन्शन आलंय. पण त्या पाठात पुढचं काहीच नाहीये. पुढचं मला माहितीये. आता काकांना घेऊन बाजूला हो बघू. बोजा हवेत आहे माझा."

आईने हात खाली घेतले. रंगाऱ्याच्या अंगभर निळा रंग सांडला होता. तिने त्याला दंडाला धरून भिंतीशी नेलं आणि त्याच्या कानातली गाणी स्वतःच काढली. मागे तुळया पुन्हा सरकू लागल्या.

"वर बघा," ती म्हणाली, साऱ्या यार्डाला ऐकू जाईल अशा आवाजात. "ती माझी मुलगी. तिला कोणी थांब म्हणालं नव्हतं, तरी ती थांबली."