बेचाळिसावं पिस्तूल

बाबा निवृत्त झाले आणि घरात खेळण्यातली जुनी पिस्तुलं साठायला लागली. पत्र्याची, टिकल्या फोडायची, आमच्या जन्माच्याही आधीची. शोकेसमध्ये एक्केचाळीस झालीत, तरी या माणसाला चैन म्हणून नाही. जुन्या बाजारातून एखादं आणलं की चपला न काढताच त्यात टिकल्यांची गुंडाळी भरायची आणि चाप ओढायचा. नाही वाजलं, की जेवणाच्या टेबलावरच स्क्रूड्रायव्हर, तेलाची बाटली आणि मधूनमधून येरझाऱ्या. फट्ट असा आवाज आला की मगच स्वारी जेवायला बसणार.

काल आणलेलं बेचाळिसावं काही केल्या वाजेना. ताटं गार झाली, तशी आई कावली.

"अहो, नाही वाजलं तर काय बिघडलं? शोभेलाच तर ठेवायचंय! तीस वर्षं बँकेच्या दारात खरी बंदूक घेऊन उभे होतात, तरी हौस फिटली नाही का?"

बाबांनी मान वर न करता पुन्हा चाप ओढला. नुसतंच खट्ट झालं.



"तीही शोभेलाच होती गं. तीस वर्षांत एक काडतूस दिलं नाही त्यांनी."