उरलेले वेढे

सरपंचांनी टाकीखालच्या व्हॉल्व्हचं चाक प्रणिताच्या हाती दिलं. "ताई, तुमच्या फिल्टरनं निम्मं गाव वाचलं. धरणाचं शुद्ध पाणी आणणाऱ्या सरकारी नळाचा पहिला मान तुमचाच."

बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडनं गावाचे दात आणि हाडं खाल्ली होती. सामाजिक उद्योजकतेचं प्रशिक्षण घेऊन प्रणितानं फिल्टर प्लांट उभारला, आठ बायांच्या हाताला काम दिलं. तरी ज्यांना फिल्टरच्या पाण्याचा कॅन परवडत नव्हता, ती घरं बोअरचंच पीत होती. "ज्या दिवशी गावाला तुमची गरज उरणार नाही, तो तुमच्या यशाचा दिवस," असं सर प्रशिक्षणात म्हणाले, तेव्हा सगळ्यात जोरात टाळी तिनंच वाजवली होती. आज तो दिवस उजाडला, तर सकाळपासून ती प्लांटवरचे कॅन पुन्हा पुन्हा मोजत बसली होती.

दोन वेढ्यांनंतर चाक जड लागलं आणि तिचे हात थांबले. नळातून नुसती हवा फुसफुसली.

"सरकारी काम," कुणीतरी म्हणालं. बाया रिकाम्या घागरी उचलू लागल्या. सरपंच ओशाळले. "राहू द्या ताई, पुढच्या महिन्यात बघू."

चाक अडलेलं नाही, नुसतं जड आहे, हे एकट्या प्रणिताच्या हातांना ठाऊक होतं.

प्लांटवर कॅन धुणारी कौसल्या तिच्याजवळ सरकली. "बरं झालं ताई," ती हळूच म्हणाली. "म्हणजे उद्या कामाले यायचंच ना?" आणि महिन्याभरात पहिल्यांदा ती मनमोकळं हसली. पिवळे, खड्डे पडलेले दात उघडे पडले.

प्रणितानं मान वळवली, दोन्ही हातांनी चाक गच्च धरलं आणि अंगातलं सगळं बळ लावलं.